गाडीतली ऊब : हीटर निवडताना आणि सुधारताना

आठवडी बाजार, उरूस, जत्रा आणि प्रदर्शने यांसाठी माल घेऊन फिरणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळ जण रात्री गाडीतच मुक्काम करतात. लॉजचा खर्च वाचतो आणि मालाची राखणही होते. नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा एक आकडी होतो. निफाड भागात तर द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकऱ्यांना बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा रात्री पत्र्याच्या गाडीत झोपणे म्हणजे बर्फाच्या पेटीत झोपण्यासारखे आहे. मग कोणी शेगडी आत घेतो, कोणी गॅसचा हीटर लावतो, कोणी रात्रभर इंजिन चालू ठेवतो. या तिन्ही उपायांत जिवाला धोका आहे आणि पैशाचेही नुकसान आहे.

हा विषय आता केवळ फिरत्या व्यापाऱ्यांचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. कॅरॅव्हॅन म्हणजे ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची सोय आहे असे चालते घर. अशा गाड्यांना आतून अस्तर, पडदे, गाद्या, वायरिंग, पाइप आणि हीटर बसवणे हे काम आपल्याच कारागिरांच्या हातचे आहे. म्हणून हा विषय झोपणाऱ्याच्या आणि काम करणाऱ्याच्या, दोघांच्याही बाजूने समजून घेणे जरुरीचे आहे.

आधी जिवाची हिफाजत

२३ डिसेंबर २०२४ रोजी केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. अंगावर जखम नाही, गाडीत झटापटीची खूण नाही. तपासात निष्पन्न झाले की गाडीच्या जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हा वायू आत शिरला होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनीही त्या गाडीची चाचणी घेतली. जनरेटर वातानुकूलनासाठी लावलेला होता, म्हणजे इथे हीटरचा संबंधही नव्हता. पण धडा एकच आहे. गाडीत किंवा गाडीला लागून काहीही जळत असेल, तर त्याचा धूर कुठे जातो हे पाहिल्याशिवाय डोळा मिटू नये.

त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक एकाच खोलीत मरण पावले. त्यात चार लहान मुले होती. दारे-खिडक्या बंद होत्या आणि गॅसचा हीटर चालू होता. खोली गाडीपेक्षा कितीतरी मोठी असते, तरी ती पुरली नाही. गाडीतली हवा तर त्याहून लवकर संपते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल, पेट्रोल यांना पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. आपल्या रक्तातील ज्या घटकाने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, आणि जागा असलेला माणूस हे थकव्यावर ढकलतो. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. धूर दिसत नाही म्हणून कोळशाची शेगडी सुरक्षित आहे, हा गैरसमज मनातून काढून टाकावा. लालबुंद निखारा धूर करत नाही, पण हा वायू भरपूर सोडतो. काश्मिरी लोक फेरनच्या आत कांगडी बाळगतात, पण बंद गाडीत निखारे ठेवून झोपणे ही वेगळी गोष्ट आहे.

यावरून पहिला नियम निघतो : ज्या हीटरची ज्योत आतली हवा घेते आणि धूर आत सोडते, तो झोपण्याच्या गाडीत लावूच नये. मग तो कितीही स्वस्त असो.

कोणते पर्याय आहेत?

१) *विजेचा हीटर.* यात धूर नाही, पण वीज कुठून आणायची? हिशोब करून पाहू. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. साध्या ॲसिडच्या बॅटरीतून अर्धीच वीज काढावी, नाहीतर तिचे आयुष्य संपते. म्हणजे हातात ६०० वॅट-तास राहिले. हजार वॅटचा हीटर त्यावर पाऊण तासही चालत नाही. म्हणून जिथे मुक्कामाच्या जागी बाहेरून वीज मिळते, तिथेच हा पर्याय योग्य. त्यासाठी वायर जाड हवी, अर्थिंग हवे आणि करंट गळाला तर लगेच तोडणारा स्विच हवा.

२) *गाडीचा स्वतःचा हीटर.* हा इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. गाडी धावत असताना तो फुकटात ऊब देतो. पण रात्री केवळ त्याच्यासाठी इंजिन चालू ठेवले तर तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जाते, इंजिनची झीज होते आणि धूर गाडीखाली कोंडून फटींतून आत येतो. वारा नसेल किंवा गाडी भिंतीला लागून उभी असेल तर धोका आणखी वाढतो.

३) *गॅसचा हीटर.* युरोपात ट्रुमासारख्या कंपन्यांचे गॅस हीटर चालत्या घरांत लावतात. त्यांची ज्योत बंद पेटीत असते. हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो. दुकानात मिळणारा जाळीचा उघडा गॅस हीटर ही निराळी वस्तू आहे. दोन्हींना "गॅस हीटर" म्हणतात म्हणून घोटाळा होतो. गॅसच्या तीन अडचणी आहेत. एक, घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदेशीर आहे. दोन, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो; म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा. तीन, आपल्याकडच्या एलपीजीत ब्यूटेन असतो. शून्य अंशाच्या आसपास तो वायू होण्याचे नाव घेत नाही. नाशिकला ही अडचण येत नाही, पण हिमाचल-लडाखच्या फेरीत येते.

कापडवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. उघड्या हीटरमध्ये ही वाफ सगळी गाडीतच राहते. पहाटे ती थंड पत्र्यावर ओघळते आणि तिथून गठ्ठ्यांत उतरते. कापडाला ओल धरते, बुरशीचे डाग पडतात, कच्चा रंग पसरतो. रात्रीची ऊब दुसऱ्या दिवशीच्या विक्रीतून वसूल होते, ती अशी.

४) *डिझेलचा पार्किंग हीटर.* जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्यांनी हे यंत्र जगभर पोहोचवले. आता चिनी बनावटीचेही पुष्कळ मिळतात. गाडीच्या टाकीतून छोटा पंप थेंब-थेंब डिझेल देतो. बंद पेटीत एक तापणारी कांडी ते पेटवते. जळायला लागणारी हवा गाडीखालून येते आणि धूर गाडीखाली जातो. पेटीच्या बाहेरून पंखा आतली हवा फिरवतो. ती गरम आणि कोरडी होऊन परत येते. आतल्या हवेचा आणि ज्योतीचा मिलाफ होत नाही. ज्यांना महिन्यात बऱ्याच रात्री गाडीत काढायच्या आहेत, त्यांच्यासाठी आजघडीला हाच पर्याय व्यवहाराचा आहे.

किती मोठा हीटर?

इथे बहुतेक ग्राहक "मोठा तो चांगला" या न्यायाने ५ किंवा ८ किलोवॅटचा हीटर मागतात. चिनी मालावरचा आकडा पुष्कळदा लेबलपुरताच असतो, ही गोष्ट बाजूला ठेवू. खरी गरज किती, हे साध्या गुणाकाराने काढता येते.

झोपण्याचा भाग ३.५ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच धरा. चार भिंती, छत आणि तळ मिळून सुमारे ३२ चौरस मीटर होतात. बाहेर ६ अंश आणि आत १८ अंश हवे, म्हणजे फरक १२ अंशांचा. नुसता पत्रा असेल तर दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे साडेपाच वॅट ऊब बाहेर जाते. ३२ गुणिले १२ गुणिले ५.५ म्हणजे सुमारे २,१०० वॅट. हाच पत्रा २५ मिलिमीटर चांगल्या अस्तराने झाकला, तर फासळ्या आणि काचा जमेस धरूनही हा दर १.७ च्या घरात येतो. मग गळती ६५० वॅटवर येते. ताज्या हवेसाठी दोन्हीकडे सव्वाशे वॅट मिळवा.

आता डिझेलचा हिशोब. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगला हीटर त्यातली ८ युनिट आत देतो. आठ तासांच्या रात्रीला उघड्या पत्र्याच्या गाडीत सव्वादोन लिटर लागेल आणि अस्तर लावलेल्या गाडीत पाऊण ते एक लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर रात्रीला शंभर-सव्वाशे रुपयांचा फरक पडतो. एका हिवाळ्यात चाळीस रात्री काढणाऱ्याने हा आकडा स्वतः गुणून पाहावा.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, अस्तर हाच अर्धा हीटर आहे. दुसरी, अस्तर लावलेल्या अशा गाडीला २ किलोवॅटचा हीटर पुरून उरतो. बाहेर उणे १० अंश असले तरी वरच्याच हिशोबाने गरज १,८०० वॅटच्या आसपास येते. ५ किलोवॅटचा हीटर घेतला तर तो रात्रभर मंद जळत राहील. मंद ज्योतीत काजळी धरते, पेटीत थर जमतो, धूर वाढतो आणि दुसऱ्या हिवाळ्यात हीटर पेटत नाही. जास्त पैसे देऊन लवकर बिघडणारी वस्तू घेण्यात शहाणपण नाही.

अस्तर : हे आपल्या धंद्याचे काम

कापडाच्या धंद्यातील माणसाला ऊब म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. घोंगडी गरम का? कारण लोकर हवा धरून ठेवते. रजई दाबून सपाट झाली की थंड का लागते? कारण तिच्यातली हवा निघून गेली. गाडीचे अस्तरही असेच आहे. अडकलेली हवाच ऊब राखते.

थर्माकोल स्वस्त आहे, पण गाडीच्या हादऱ्याने चुरतो आणि आग लागली तर काळा विषारी धूर करतो. काचलोकर चांगली, पण पत्र्याला दव धरले की पाणी पिते आणि मग तिचा उपयोग राहत नाही. एसीच्या पाइपवर जो काळा रबरी फोम लावतात, त्यातली बंद छिद्रांची जात या कामाला उत्तम. तो पाणी पीत नाही. तो पत्र्याला सलग चिकटवावा, मागे पोकळी ठेवू नये. पोकळीत वाफ शिरली की पत्रा आतून गंजतो. दरवाजातल्या आणि तळाच्या पाणी निघून जाण्याच्या भोकांवर मात्र फोम येऊ देऊ नये.

समोरची काच ही गाडीतली सर्वांत मोठी गळती. तिच्यासाठी गोधडीसारखा टाचलेला पडदा शिवावा. वरून जाड सुती कापड, मध्ये लोकर किंवा नमदा आणि कडांना चुंबक किंवा वेल्क्रो. कडा काचेच्या चौकटीला घट्ट बसल्या पाहिजेत. लोंबता पडदा उलट थंड हवेचा प्रवाह खाली सोडतो.

कापड निवडताना आगीचा विचार करावा. पॉलिस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. सूत भराभर पेटते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. म्हणून हीटरच्या तोंडाजवळ लोकर किंवा नमदाच असावा, आणि कोणतेही कापड, गठ्ठा किंवा अंथरूण त्या तोंडापासून किमान एक हात लांब ठेवावे.

बसवताना काय पाहावे

डिझेल हीटर सुरक्षित आहे तो नीट बसवला तरच. कारागीर बांधवांनी खालील गोष्टींत कसूर करू नये.

धुराचा पाइप स्टेनलेस स्टीलचा असावा. तो खिडकी, दरवाजा किंवा हवेच्या झरोक्याखाली उघडू नये. टायर, डिझेलची नळी आणि वायरिंग यांपासून दूर असावा. जळण्यासाठीची हवा घेणारी नळी धुराच्या तोंडापासून लांब ठेवावी. तळाला पाडलेले प्रत्येक भोक रबर आणि उष्णता सोसणाऱ्या सीलने बंद करावे. बाहेरचा धूर आत येतो तो अशाच उघड्या राहिलेल्या जागांमधून.

डिझेलचा छोटा पंप तिरपा, बाहेर जाणारे तोंड वर करून बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

वायरिंगकडे विशेष लक्ष द्यावे. सुरू होताना तापणारी कांडी काही मिनिटे दहा अँपिअरपर्यंत करंट ओढते. बॅटरी पाच मीटरवर असेल आणि वायर दीड स्क्वेअर मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन एक व्होल्टहून अधिक वाटेतच खर्च होतो. हीटर "व्होल्टेज कमी" म्हणून बंद पडतो आणि ग्राहक हीटरला दोष देतो. चार स्क्वेअरची वायर टाकली तर हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. वाटेत फ्यूज असावा. झोपण्याच्या भागासाठी वेगळी बॅटरी ठेवली तर सकाळी गाडीला धक्का मारण्याची पाळी येत नाही. पेटल्यानंतर पंखा मंद गतीवर पंधरा-वीस वॅटच घेतो, म्हणजे रात्रभरात दहा ते तेरा अँपिअर-अवर.

एक वायूसूचक आणि एक आग विझवण्याचे पावडरचे नळकांडे हे हीटरचेच भाग समजावेत. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक झोपणाऱ्याच्या उशाच्या उंचीवर, आणि गॅस असेल तर त्याचा सूचक तळाजवळ लावावा. सूचकावर मुदतीची तारीख असते, ती पाहून घ्यावी. हीटर कितीही चांगला असला तरी एक छोटा झरोका वर आणि एक खाली कायम उघडा ठेवावा. त्याने जाणारी ऊब वरच्या हिशोबात धरलेलीच आहे.

आधीपासून हीटर असेल तर

पुष्कळांकडे हीटर आहे, पण "तो पुरत नाही" अशी तक्रार असते. लगेच नवा घेऊ नये. आधी स्वस्त उपाय, मग महाग, असा क्रम ठेवावा.

पहिल्यांदा समोरच्या काचेचा पडदा आणि दरवाजांचे रबर पाहावे. नंतर अस्तर. मग गरम हवेचा पाइप कुठे सुटतो ते पाहावे. ऊब वर चढते, म्हणून तोंड खाली पायांकडे हवे. पंख्याने हवा ओढण्याची जागा गठ्ठ्यांनी झाकलेली नसावी. तापमान मोजणारी कांडी हीटरशेजारी असेल तर ती खोटी ऊब मोजते. ती झोपण्याच्या जागेजवळ न्यावी. त्यानंतर वायर आणि बॅटरी तपासावी.

काजळीचा इलाज सोपा आहे. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे हीटर पूर्ण जोरावर चालवावा, उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा. बंद करताना त्याच्या बटणानेच बंद करावा. पंखा काही मिनिटे फिरून पेटी थंड करतो, तेवढ्यात बॅटरीचा स्विच तोडला तर पेटी तापून खराब होते. पांढरा धूर, डिझेलचा वास किंवा धडधड असा आवाज आला तर त्या रात्री हीटर वापरू नये.

डोंगराकडे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उंचीवर हवा विरळ असल्याने डिझेल अपुरे जळते आणि काजळी वाढते. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारी सोय हीटरमध्ये हवी. आणि कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याचसाठी.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले. चालत्या घरांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. मालगाडीचे कॅरॅव्हॅन करून देण्याचे काम घेणाऱ्या कारागिराने आधी आरटीओकडे चौकशी करावी आणि मंजुरी कागदावर घ्यावी. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले हेच विचारते.

सारांश असा. आधी गळती थांबवा, मग ऊब निर्माण करा. ज्योत बंद पेटीतली घ्या, धूर बाहेर काढा, झरोका उघडा ठेवा, सूचक लावा. आणि बाजाराला जाणाऱ्या गाडीत पोरे-नोकर झोपणार असतील, तर निघण्यापूर्वी शेगडी गाडीतून उतरवून घरी ठेवा. चार पांघरुणे जास्त द्या. ती आपल्या दुकानात आहेतच.